उडी एकाची, नजर दुसऱ्याची

दादरच्या शिवाजी पार्कवर, 1925 साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या आवारात सायंकाळी घटकाभर उभे राहून जो कोणी मल्लखांबाचा वर्ग पाहील, त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. एरंडेलाने तुळतुळीत झालेल्या त्या लाकडी खांबावर शिकाऊ मूल एका वेळी एकच चढते, बाकीची आपल्या पाळीची वाट पाहत रांगेत उभी असतात, खाली गादी अंथरलेली असते आणि खांबाशी उभ्या असलेल्या शिक्षकाची नजर त्या मुलावरून क्षणभरही ढळत नाही. ज्या मैदानावर 2019 साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेथील हा साधा शिरस्ता मुलांसाठी ट्रॅम्पोलीन घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक आईबापाने आधी मनाशी धरावा, असे मला कळकळीने वाटते.

हा प्रश्न आता आपल्या वस्तीतही येऊन ठेपला आहे. ज्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीत अवघे कुटुंब नांदत होते आणि मुलांची धावपळ गॅलरीत व चाळीच्या चौकात होत होती, त्यांच्या जागी आज उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत. लालबाग-परळच्या कित्येक नव्या संकुलांत पोडियमवर हिरवळ व खेळाची जागा असते, आणि तेथे मुलांसाठी ट्रॅम्पोलीन आणावा, अशी सूचना सोसायटीच्या सभेत कोणीतरी मांडतोच. सूचना प्रेमापोटी केलेली असते. म्हणूनच तिचा तपशील बारकाईने पाहिला पाहिजे.

हे साधन मुळात कसरतपटूंचे आहे. अमेरिकेतील जॉर्ज निसेन या तरुण व्यायामपटूने सर्कशीतील झोपाळ्यावरचे कसरतपटू खालच्या जाळीवर पडून पुन्हा उसळताना पाहिले आणि 1930च्या दशकात आपले प्रशिक्षक लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साहाय्याने आधुनिक ट्रॅम्पोलीन सिद्ध केला. पुढे 2000 सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये या क्रीडाप्रकाराला स्थान मिळाले. परंतु ऑलिम्पिकचा खेळाडू वर्षानुवर्षांच्या शिक्षणानंतर जे करतो, ते मूल घरच्या साधनावर नुसत्या अनुकरणाने करू पाहते, आणि अपघाताचे बीज तेथेच असते. घरगुती ट्रॅम्पोलीन वापरूच नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना देते, हे खरेदीपूर्वी प्रत्येकाला ठाऊक असावे.

तरीही घ्यायचाच झाला, तर प्रथम जागा पाहावी. गच्चीवर तो कदापि ठेवू नये. कठड्याची उंची उभ्या मुलाचा हिशेब धरून बांधलेली असते, उसळणाऱ्या मुलाचा नव्हे. पोडियमवरील हिरवळीखाली बहुधा मातीचा पातळ थर आणि त्याखाली काँक्रीट असते, तेव्हा सभोवती आघात शोषणारे रबरी आच्छादन हवे. चहूबाजूंनी सुमारे दोन मीटर जागा मोकळी असावी, वर फांदी किंवा तार नसावी. घरात छोटा ट्रॅम्पोलीन मांडणाऱ्यांनी आधी छताच्या पंख्याकडे पाहावे.

मग वस्तू पारखावी. चौकोनी ट्रॅम्पोलीनची उसळी जोरकस असते व तो शिकलेल्या खेळाडूला शोभतो. गोल ट्रॅम्पोलीन मुलाला मध्याकडे ओढतो, म्हणून लहानांना तोच बरा, आणि तोही जमिनीपासून जितका बुटका तितका चांगला. कडेच्या दोन स्प्रिंगांमधल्या फटीत लहान मुलाचे पाऊल सहज उतरते. याकरिता सभोवतालची संरक्षक जाळी स्प्रिंगांच्या आतल्या बाजूस असावी, स्प्रिंगांवर जाड गादीचे आवरण असावे आणि जाळीच्या खांबांनाही वेष्टण असावे. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, म्हणून सांगाड्याला आतूनबाहेरून जस्ताचा मुलामा हवा. उन्हाने कापडाची व जाळीची शिवण विरते, तीही वरचेवर ओढून पाहावी. पावसाळ्यापूर्वी सारे उकलून आत ठेवावे, कारण वादळी वाऱ्यात असे रिकामे साधन उचलले जाऊन दूर भिरकावले जाते.

परंतु वस्तू कितीही उत्तम असली तरी बहुतेक दुखापती होतात त्या एकाहून अधिक मुले एकदम उड्या मारतात तेव्हा. भारी मुलाच्या उडीने ताणलेले कापड हलक्या मुलाला त्याच्या कुवतीपलीकडे वर फेकते, अथवा ते खाली येत असतानाच कापड वर उसळून त्याच्या कोवळ्या हाडांवर आघात करते. यास्तव एका वेळी एकच मूल, सहा वर्षांखालच्यांना मनाई आणि कोलांटीला पूर्ण बंदी, हे नियम सोसायटीने ठराव करून पाळावेत, व खेळ संपताच वर चढण्याची शिडी काढून ठेवावी.

म्हणून किंमत विचारण्याआधी घराने अथवा सोसायटीने एवढेच ठरवावे, की रोज सायंकाळी त्या जाळीशी कोण उभे राहणार. ते नाव ठरले, तर वर सांगितलेल्या बेताने खरेदी करावी. ते ठरत नसेल, तर मुलाचे बोट धरून शिवाजी पार्कवर जावे. तेथे खांबाशी उभा असलेला माणूस ते काम कित्येक वर्षे करीत आला आहे.