ऑर्डर आणि ताट यांच्या मधली जादू

जादू म्हटली की मराठी माणसाला आठवतो तो जादूगार रघुवीरांसारख्यांचा भव्य रंगमंच. पडदा, दिवे, वाद्यवृंद. पण जादूची एक शाखा हॉटेलातल्या टेबलाशी, प्रेक्षकाच्या हातभर अंतरावर वाढली. तिचं नाव क्लोज-अप मॅजिक.

जादूगार मॅक्स मलिनी (1873-1942) ही कला पोरवयात शिकला तो न्यूयॉर्कच्या एका बारमध्ये. जेवणाच्या टेबलावर तो हॅटखाली नाणं झाकायचा आणि छापा की काटा ते विचारायचा. दोनदा नाणंच निघायचं. तिसऱ्यांदा हॅट उचलली की खाली बर्फाची लादी!

शिकागोत तर ही जादू हॉटेलच्या धंद्याचाच भाग झाली. तिथला रेस्टॉरंटमालक मॅट शूलीन अंगाने चांगलाच दांडगा होता. गिऱ्हाइकाने पत्ता निवडून कॅटात घातला की तो पिसून अख्खा कॅट भिंतीवर भिरकावायचा. बाकीचे पत्ते खाली विखुरलेले आणि निवडलेला तेवढा पिनने भिंतीला टोचलेला. ज्याचा पत्ता असा टोचला गेला, तो पुढच्या खेपेला चार मित्रांना घेऊन यायचा. काही बारमध्ये असेच खेळात छताला चिकटवलेले, गिऱ्हाइकांच्या सह्यांचे पत्ते तर फुकटची जाहिरातच.

मालक जादूगाराला पैसे मोजतो ते ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतच्या वेळेसाठी. स्वयंपाकघराला उशीर झाला तरी गिऱ्हाइकाने घड्याळाकडे पाहू नये, एवढीच त्याची अपेक्षा. ही अट आणि हॉटेलची जागा मिळून खेळ ठरवतात. टेबल ओलं असतं, त्यावर ग्लास आणि चटण्यांची गर्दी. म्हणून जादूगार बरेचसे खेळ गिऱ्हाइकाच्या हातातच करतो. गोंगाटात लांबलचक बोलणं ऐकू जात नाही, म्हणून डोळ्यांना चटकन कळणारे खेळ हवेत. मुठीतला एक स्पंजचा चेंडू दोन होतो, हे कुणालाही समजतं. माणसं पाठीमागेही बसलेली असतात, त्यामुळे एकाच बाजूने बघण्याजोगा खेळ इथे बाद. शिवाय एक टेबल आटोपलं की सामान लगेच पुन्हा जागेवर लागलं पाहिजे, कारण दुसरं टेबल चार पावलांवर असतं.

बारचं गणित वेगळं. काउंटरमुळे पाठ सुरक्षित राहते, माणसं आपण होऊन समोर बसतात, त्यामुळे खेळ निवांत रंगवता येतो. टेबलावर मात्र जादूगार बिनबोलावलेला पाहुणा असतो.

इतक्या जवळून फसवायचं तर नुसती बोटांची चपळाई पुरत नाही. प्रेक्षक जादूगाराच्या नजरेमागे जातो. प्रश्न विचारला की तो हातांवरून चेहऱ्याकडे बघतो आणि हसला की क्षणभर सैल पडतो. मोक्याची हालचाल त्याच क्षणी उरकायची.

टेबलाशी जायचं कधी, हेही शिकावं लागतं. मेन्यूकार्ड वाचत असलेल्यांना किंवा बिलावरून हुज्जत घालणाऱ्यांना छेडायचं नाही. आणि वेटर ताटं घेऊन येताना दिसला की खेळ कितीही रंगात असो, आवरता घ्यायचा. हे ज्याला जमत नाही त्याचे हात कितीही तयार असले, तरी मालक त्याला दुसऱ्यांदा बोलावत नाही.