गुलाबी दिसतंय तो ढग नव्हे, धूळ!

ढगवेड्यांनो, आज आफ्रिकेची सफर. 🛰️

तिथल्या बऱ्याच भागांत हवामान रडार नाहीत आणि वेधशाळाही विरळ. त्यामुळे अंदाज वर्तवणाऱ्यांची मोठी भिस्त 'मेटिओसॅट'वर. 'युमेटसॅट' या युरोपीय संस्थेचा हा उपग्रह गिनीच्या आखातावर सुमारे ३६,००० किमी उंचीवरून अख्खा खंड न्याहाळतो.

पहिल्या पिढीत ३ चॅनेल होते आणि दर अर्ध्या तासाला एक चित्र यायचं. २००२ मध्ये दुसरी पिढी अवकाशात गेली. त्या पिढीत १२ चॅनेल आणि दर १५ मिनिटांनी चित्र! पण एवढी चित्रं वाचायची कशी?

त्यासाठी 'ॲस्मेट' हा उपक्रम. नैरोबी आणि नियामे इथल्या हवामान प्रशिक्षण संस्थांनी युमेटसॅटसोबत संगणकावरचे धडे तयार केले, तेही इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत. आधी सीडीवर, मग इंटरनेटवर. धड्यांत उदाहरणं आफ्रिकेतल्याच हवामानाची, त्यामुळे शिकलेलं दुसऱ्या दिवशी ड्युटीवर कामी येतं.

एक गंमत बघा. रात्री सहारातून उठलेली धूळ साध्या इन्फ्रारेड चित्रात सहज ओळखू येत नाही. तीन इन्फ्रारेड चॅनेल लाल, हिरव्या, निळ्या रंगांत एकत्र केले की तीच धूळ गुलाबी-जांभळी उठून दिसते आणि जाड, उंच ढग गडद लाल!

उपग्रह डोळे देतो. नजर मात्र शिकूनच तयार होते. 🌍

#हवामान #उपग्रह #आफ्रिका