पाय काढला की गाडी बंद? दोष चालवणारीचाच नसतो



आमच्या बचत गटाची एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. पापड-शेवया घेऊन ती आठवडी बाजारांना जाते. चालवते आमच्यातलीच एकजण. मागच्या पावसाळ्यात गाडीला खोड लागली. चालताना ठीक, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद. लोक म्हणायचे, "बाईला क्लच जमत नाही." तीही बिचारी स्वतःलाच दोष देऊ लागली.

मग एकदा उतारावरच गाडी बंद पडली. इंजिन थांबलं की एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. त्या दिवशी थोडक्यात वाचलो. म्हणून सांगते, हे दुखणं अंगावर काढू नका.

आता कारण ऐका. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनकडे जाणाऱ्या हवेची मोठी झडप उघडते. पाय काढला की ती मिटते. तरीही इंजिन चालू राहायला थोडी हवा लागतेच. ती बाजूच्या बारीक वाटेने जाते आणि त्या वाटेवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मेकॅनिक त्याला आयडल व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिनातल्या तेलाच्या वाफेने तिथे काळा चिकट थर बसतो. स्टोव्हच्या बर्नरला काजळी धरली की ज्योत फडफडते ना, अगदी तसंच!

ओळखायचं कसं? गाडी उभी असताना इंजिनाचा आवाज आपोआप चढतो-उतरतो. एसी किंवा दिवे लावले की इंजिन गचके खातं. पायाने थोडी रेस धरली तर मात्र नीट चालतं. पण लगेच व्हॉल्व्हला दोष देऊ नका. आधी एअर फिल्टर, प्लग आणि बॅटरी पाहा. रबरी नळी चिरली असेल तर तिथून सूं सूं आवाज येतो. तीही तपासा.

हे सगळं ठीक असेल तर साफसफाई करा. पहिल्यांदा जाणकार माणूस सोबत घ्या.

१. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. हवेच्या मोठ्या नळीजवळ, थ्रॉटल बॉडीवर हा व्हॉल्व्ह असतो. त्याचा कपलर ओढून काढा, मग स्क्रू सोडा. आतलं रबरी पॅकिंग जपून ठेवा. चिरलं असेल तर नवं घाला.

३. थ्रॉटल बॉडी साफ करायचा स्प्रे मारून टोकावरचा थर मऊ ब्रशने काढा. व्हॉल्व्हची पिन हाताने दाबू किंवा ओढू नका. मोटरचा भाग स्प्रेत बुडवू नका. जिथे व्हॉल्व्ह बसतो ती भोकंही कापडाने पुसा.

४. पूर्ण वाळू द्या, मग उलट क्रमाने बसवा.

हा स्प्रे पेट घेतो. जवळ चूल नको, विडी नको, पोरंही नकोत. हातमोजे घाला, डोळे सांभाळा.

नंतर गाडी चालू करून काही मिनिटं तशीच ठेवा. सुरुवातीला आवाज जरा चढा राहील, मग बसेल. गरम इंजिन साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर स्थिर राहतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. साफ करूनही खोड गेली नाही, तर व्हॉल्व्हची मोटर किंवा वायरिंग तपासून घ्या.

बऱ्याच नव्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह वेगळा नसतो, डिझेलमध्येही नसतो. तिथे हा उपाय नाही.

आम्हाला गॅरेजमध्ये आधी नवा भागच टाकायला सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, "एकदा साफ करून बघू." एक स्प्रेचा डबा आणि अर्धी दुपार, एवढ्यात काम झालं. गटाचे पैसे वाचले. आणि आमची ड्रायव्हरबाई आता बाजारात गाडी उभी करते, तेव्हा इंजिन मुद्दाम दोन मिनिटं चालू ठेवते. ऐकू द्या म्हणते सगळ्यांना!