लेबननच्या दुकानातले दफ्तर

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात, पूर्वेकडच्या शेतीच्या मुलखात, लेबनन नावाचे गाव आहे. गावाच्या मधोमध मैलभर लांबीचे सार्वजनिक कुरण आणि त्याच्या कडेला लाकडी फळ्यांची एक लहानशी इमारत. मूळचे हे ट्रंबुल घराण्याचे दुकान. १७७५ साली इंग्रजांशी युद्ध पेटले आणि गव्हर्नर जोनाथन ट्रंबुल यांनी आपले दफ्तर इथे मांडले. पुढची आठ वर्षे जॉर्ज वॉशिंग्टनच्या छावणीतून निघालेले जासूद इथे येत राहिले. दुकानाचे नाव पुढे 'वॉर ऑफिस' पडले, ते आजही टिकून आहे.

स्वातंत्र्ययुद्धे आपण लढायांच्या नावांनी लक्षात ठेवतो. या दफ्तरातली पत्रे वाचताना त्या युद्धाचे पोट दिसते. बैल, पिठाची पिंपे, बंदुकीची दारू, शिसे, घोंगड्या, मोजे. सैन्य उपाशी आहे, काही पाठवता येईल का, अशी विचारणा आणि काय निघाले, किती निघाले, कधी पोचेल, असे तिचे उत्तर. वॉशिंग्टनचे सैन्य टिकले त्यात कित्येक गाजलेल्या लढायांपेक्षा या रोजच्या पत्रांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

ट्रंबुल यांचा जन्म १७१० चा, याच गावातला. १७२७ साली ते हार्वर्डमधून पदवीधर झाले. मनात पाद्री व्हायचे होते, तयारीही त्याचीच चालली होती. पण १७३२ साली भाऊ जोसेफ समुद्रावर गेला तो परतलाच नाही, आणि वडिलांचा व्यापार सांभाळायला जोनाथन यांना घरी थांबावे लागले. गुरे विकत घ्यायची, खारवलेले मांस पिंपांत भरून जहाजांवर चढवायचे, बदल्यात विलायती माल आणायचा. हा धंदा १७६० च्या दशकात बुडाला आणि लंडनच्या व्यापाऱ्यांचे देणे डोक्यावर बसले. गेलेला पैसा काही परत आला नाही. मात्र कोणत्या गावात किती गुरे आहेत, कोणता रस्ता पावसात बंद होतो, मीठ कुठे मिळते, ही माहिती त्यांच्याजवळ राहिली. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याची ही शिल्लक पुढे सबंध देशाच्या कामी आली.

व्यापाराबरोबर न्यायदानही चालू होते. काउंटीच्या न्यायालयात आणि वारसाहक्काच्या न्यायालयात त्यांनी वर्षानुवर्षे न्यायाधीशाचे काम केले. १७६६ मध्ये ते उपगव्हर्नर झाले आणि वसाहतीच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही. त्याच्या आदल्या वर्षीची एक हकीकत सांगायला हवी. इंग्लंडच्या पार्लमेंटने लादलेला, कागदपत्रांवर कर बसवणारा स्टॅम्प कायदा अमलात आणण्याची शपथ तेव्हाचे गव्हर्नर थॉमस फिच घेणार होते. ट्रंबुल सल्लागार मंडळात होते. शपथेला साक्षी राहायचे नाही म्हणून ते उठून बाहेर गेले. पुढच्या निवडणुकीत फिच हरले.

हो, निवडणुकीत. कनेक्टिकटला १६६२ ची सनद होती आणि तिच्यानुसार गव्हर्नर दरवर्षी मतदारांकडून निवडला जाई. बहुतेक वसाहतींचे गव्हर्नर राजाने नेमलेले असत. युद्ध पेटल्यावर त्यातल्या कुणी इंग्रज जहाजांवर आसरा घेतला, कुणी कैदेत गेले. न्यू जर्सीचे गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन, म्हणजे प्रत्यक्ष बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा, १७७६ मध्ये कैदी म्हणून ट्रंबुल यांच्याच हवाली करण्यात आले. युद्ध सुरू झाले तेव्हा अधिकारावर असलेल्या गव्हर्नरांपैकी बंडाच्या बाजूने उभे राहिले ते एकटे ट्रंबुल. १७६९ पासून १७८४ पर्यंत, आधी वसाहतीचा आणि मग स्वतंत्र राज्याचा कारभार त्यांच्याच हाती होता.

मे १७७५ मध्ये विधानसभेने त्यांच्या मदतीला एक सुरक्षा समिती दिली. तिच्या शेकडो बैठका या दुकानात झाल्या. पत्र आले की ते समितीपुढे वाचायचे, निर्णय टिपून घ्यायचा, गावोगावच्या पंचांना हुकूम धाडायचे, त्यांनी आपापल्या वाट्याचे कपडे, धान्य, माणसे द्यायची, आणि उत्तर घेऊन जासूद परत. सॅलिसबरीची लोखंडाची भट्टी याच समितीने ताब्यात घेतली आणि तिथे तोफा ओतवल्या. डेव्हिड बुशनेल या तरुणाने पाण्याखालून चालणारी होडी बनवली, तेव्हा त्याची शिफारस वॉशिंग्टनकडे ट्रंबुल यांनीच केली.

या पत्रव्यवहारातली मुख्य अडचण ध्यानात घेतली नाही तर त्याचे मोल कळत नाही. वॉशिंग्टन सरसेनापती होते खरे, पण एखाद्या राज्याच्या गव्हर्नरला हुकूम देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींची जी काँग्रेस होती, तिच्याकडे तर कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. हँकॉक, लॉरेन्स, जे, हंटिंग्टन असे काँग्रेसचे अध्यक्ष एकामागून एक लिहीत राहिले: माणसे पाठवा, पैसे पाठवा. सगळा मामला विनंतीचा होता. सबंध लढा विश्वासावर उभा होता, आणि तो विश्वास सांभाळायचा तर कागद आणि शाई याखेरीज साधन नव्हते.

तो विश्वास एकदा तुटता तुटता राहिला. ऑगस्ट १७७५ च्या अखेरीस इंग्रज जहाजाने स्टोनिंग्टनवर तोफा डागल्या. किनाऱ्यावरच्या लोकांचा धीर सुटला. ट्रंबुल यांना नव्याने उभारलेल्या तुकड्या घराच्या रक्षणाला ठेवायच्या होत्या; वॉशिंग्टननी त्या बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या छावणीत मागवल्या. मागणीचा सूर ट्रंबुल यांना झोंबला. साठी ओलांडलेल्या गव्हर्नरने आपल्याहून वीस वर्षांनी लहान सेनापतीला तसे स्पष्ट लिहिले. पण त्याआधी तुकड्या रवाना करायला ते चुकले नाहीत. वॉशिंग्टननीही उत्तरात आपली अडचण उलगडून सांगितली: प्रत्येक किनारी गावाला फौज देत बसलो तर फौजच उरणार नाही. डिसेंबरात करार संपलेले कनेक्टिकटचे शिपाई छावणी सोडून घरी निघाले, तेव्हा वॉशिंग्टनचा संताप पत्रात उतरला. ट्रंबुल यांनी आपल्या माणसांची बाजू घेतली नाही. झाले ते लाजिरवाणे आहे हे मान्य केले आणि नवी माणसे उभी केली. पुढच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क धोक्यात आले, तेव्हा मिलिशियाच्या आणखी नऊ रेजिमेंटांना त्यांनी कूच करायला सांगितले.

आता वॉशिंग्टनच्या सैन्याने व्हॅली फोर्जच्या छावणीत काढलेला हिवाळा. ट्रंबुल यांचा मुलगा जोसेफ हा सैन्याचा पहिला रसदप्रमुख. काँग्रेसने खात्याचे नियम बदलले, काम अशक्य झाले, आणि १७७७ च्या उन्हाळ्यात त्याने राजीनामा दिला. काही महिन्यांतच रसदीची घडी विस्कटली. ६ फेब्रुवारी १७७८ ला वॉशिंग्टननी जोसेफच्या वडिलांना लिहिले. हा विषय तुमच्या अखत्यारीबाहेरचा आहे, अशी कबुली देऊनच त्यांनी सैन्यावर आलेली उपासमार सांगितली. काँग्रेसने मुलाला कसे वागवले याचा हिशेब मांडायला ट्रंबुल यांना यापेक्षा योग्य वेळ मिळाली नसती. पण त्यांनी गुरांची सोय पाहिली. शेजारच्या कोलचेस्टरचे हेन्री चॅम्पियन गुरांचे कळप चालवत हडसन नदीपार घेऊन गेले. मिठाची टंचाई होती, मांस खारवून पाठवणे अवघड. पायांनी चालत जाणारी रसद हाच उपाय होता. जोसेफ त्याच वर्षी जुलैत वारला.

घरातले दुःख तेवढेच नव्हते. मुलगी फेथ १७७५ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या छावणीकडे गेली होती. युद्धाचे दर्शन तिच्या मनाला झेपले नाही आणि नोव्हेंबरात ती गेली. पत्नी १७८० मध्ये वारली. दफ्तराचे काम थांबल्याचे मात्र कुठे दिसत नाही.

हीच वर्षे आपल्याकडे नाना फडणवीसांच्या दफ्तराची. १७७५ ते १७८२ मराठेही त्याच इंग्रजांशी लढत होते. दोन्ही गोष्टींना एक धागाही होता: सेंट ल्युबिन हा फ्रेंच १७७७ मध्ये पुण्यात येऊन राहिला, आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरणार म्हटल्यावर कलकत्त्याच्या इंग्रजांचा जीव पुण्याकडे लागला. पेशवे दफ्तरातल्या रसदीच्या यादीवर ज्यांनी दिवस घालवले आहेत, त्यांना लेबननचे कागद परके वाटणार नाहीत.

१७८० च्या हिवाळ्यात फ्रेंच सरदार लोझाँचे घोडदळ लेबननमध्ये मुक्कामाला होते. तोवर लोक थकले होते, नोटांची किंमत मातीमोल झाली होती. गव्हर्नर शत्रूशी चोरटा व्यापार करतात, अशी अफवाही उठली. ट्रंबुल यांनी स्वतःच विधानसभेकडे चौकशी मागितली आणि १७८२ मध्ये ते निर्दोष ठरले. १७८४ मध्ये पद सोडले, पुढच्या वर्षी ऑगस्टात त्यांचे निधन झाले. निवृत्त होताना त्यांनी लोकांना विनवले होते, की काँग्रेसला पुरेसे अधिकार द्या. विनंतीवर चाललेल्या राज्यकारभाराची किंमत त्यांच्याइतकी फार थोड्यांना ठाऊक होती.

धाकटा मुलगा जॉन चित्रकार झाला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे त्याचे भव्य चित्र वॉशिंग्टन शहरातल्या कॅपिटॉलमध्ये आहे. जगाने ते चित्र पाहिले. बापाच्या कागदांना वाट पाहावी लागली. कागद सार्वजनिक ग्रंथालयात जावेत ही ट्रंबुल यांची इच्छा होती. १७९५ मध्ये मुलगा डेव्हिडने ते मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिले. सोसायटीने त्यातले निवडक कागद १८८५ ते १९०२ या काळात चार खंडांत छापले. कनेक्टिकटने ते परत मागितले होते, पण बराच काळ मिळाले नाहीत. अखेर १९२१ मध्ये ते राज्यात परत आले. आज ते हार्टफर्डच्या राज्य ग्रंथालयात आहेत.