स्वीडनमधील बालसंगोपन : छडीवाचून शिस्त

मुलास वळण लावावयाचे तर प्रसंगी हात उगारावाच लागतो, ही समजूत जगातील अनेक समाजांत दीर्घकाळ रूढ होती. उत्तर युरोपातील स्वीडन हा देशही त्यास अपवाद नव्हता. लूथरपंथी धर्मशिक्षणाचा तेथील घराघरांवर पगडा असे. आणि मुलांना शारीरिक शिक्षा करणे हा घरातील कर्त्या पुरुषाचा केवळ अधिकारच नव्हे, तर कर्तव्य मानले जाई. अशा देशाने मुलांवर हात उगारण्यास घरातही कायद्याने बंदी करावी, आणि तीही जगात सर्वप्रथम, ही गोष्ट शिक्षकांनी व पालकांनी समजून घेण्याजोगी आहे.

हे परिवर्तन क्रमाक्रमाने घडले. १९०० साली एलेन की या विदुषीने ‘बालकाचे शतक’ या ग्रंथात मारहाणीवर आधारलेल्या संगोपनाचा निषेध केला. पुढे माध्यमिक शाळांतून १९२८ मध्ये व प्राथमिक शाळांतून १९५८ पासून शारीरिक शिक्षा बंद झाली. त्यानंतर घराकडे लक्ष वळले. मुलांना मारण्याचा पालकांचा अधिकार १९६६ मध्ये कायद्यातून वगळण्यात आला. परंतु मारणे निषिद्ध आहे असे स्पष्ट शब्द त्यात नसल्यामुळे संदिग्धता उरली. ती दूर करणारा कायदा संसदेने २५९ विरुद्ध ६ मतांनी संमत केला व तो १ जुलै १९७९ पासून अमलात आला.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात पालकांसाठी निराळी शिक्षा सांगितलेली नाही. गंभीर मारहाणीस सामान्य फौजदारी कायदा लागू होतोच. या कायद्याचा मुख्य हेतू लोकमत घडविण्याचा होता. म्हणून शासनाने मुले असलेल्या घरोघरी माहितीपुस्तिका पाठविली. दुधाच्या खोक्यांवरही मजकूर छापण्यात आला, जेणेकरून सकाळच्या न्याहारीच्या वेळी आईबाप व मुले यांनी त्याविषयी एकमेकांशी बोलावे. काही पालकांनी या कायद्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. परंतु १९८२ मध्ये आयोगाने ती तक्रार विचारार्थ स्वीकारली नाही. १९६५ च्या सुमारास जवळजवळ निम्म्या प्रौढांना मुलांना मारणे योग्य वाटत होते. तीस वर्षांनी असे मानणारे अगदी थोडे उरले.

तथापि केवळ मनाई करून भागत नाही. थकलेल्या व एकाकी पालकाचा संयम लवकर सुटतो; त्यास वेळ व साहाय्य मिळाले पाहिजे, हेही त्या देशाने ओळखले. १९७४ मध्ये प्रसूतीरजेच्या जागी आई व वडील या दोघांनाही घेता येईल अशी सवेतन पालकरजा तेथे सुरू झाली. आज एका अपत्यामागे ४८० दिवसांचा भत्ता मिळतो व त्यांपैकी प्रत्येकी ९० दिवस आई व वडील यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. प्रारंभी वडील ही रजा क्वचितच घेत. १९९५ मध्ये त्यांच्या वाट्याचा एक महिना राखून ठेवल्यावर त्यांचे प्रमाण वाढू लागले. मूल आजारी पडल्यास त्याच्याजवळ राहण्याकरिता वेगळा भत्ता मिळतो. बालआरोग्य केंद्रातील परिचारिका नव्या आईबापांना मार्गदर्शन करते, आणि मूल एक वर्षाचे झाले की त्यास बालशाळेत घालता येते.

न मारणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. मर्यादा कोणती व ती का, हे मुलास आधी सांगणे, ते शांतपणे पुनःपुन्हा सांगणे आणि स्वतः तसे वागून दाखविणे, हे काम छडीपेक्षा कष्टाचे आहे. आपल्या देशातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. परंतु कलम कागदावरून घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविणे हे लोकशिक्षणाचे कार्य होय. पालकसभेत हा विषय काढून शिक्षकांनी त्याचा प्रारंभ करावा.