एकच प्रक्षेपण, तरी सिनेमा आपल्या वेळेला

हवा तेव्हा सिनेमा दाखवायचा तर जितके प्रेक्षक तितके वेगळे प्रवाह सर्व्हरने सोडायलाच हवेत, असं सर्रास समजलं जातं. ते खरं नाही. दोन तासांचा सिनेमा सहा वाहिन्यांवर वीस-वीस मिनिटांच्या अंतराने लावत राहिलं, तर प्रेक्षक दहा असोत की दहा लाख, वाहिन्या सहाच लागतात. फक्त वीस मिनिटांपर्यंत थांबावं लागतं.

मग थांबणं निम्मं करायला वाहिन्या दुप्पट हव्यात? हा त्याहून मोठा गैरसमज. तैवानच्या जुन आणि त्सेंग यांची १९९८ची ‘फास्ट ब्रॉडकास्टिंग’ पद्धत पाहा. सिनेमाचे ६३ सारखे तुकडे करायचे. पहिल्या वाहिनीवर पहिलाच तुकडा सतत फिरतो, दुसरीवर २ आणि ३, तिसरीवर ४ ते ७, असं दुपटीने वाढत सहावीवर ३२ ते ६३. सेट-टॉप बॉक्स सहाही वाहिन्या एकदम पकडतो आणि पुढचे तुकडे साठवत जातो. शेवटचे तुकडे उशिरा लागतात, म्हणून ते क्वचित पाठवले तरी भागतं. सगळी खुबी यातच आहे. वाहिन्या तेवढ्याच, पण थांबणं जेमतेम दोन मिनिटं. सातवी वाहिनी जोडली की मिनिटभरही नाही. याची किंमत मात्र आहे: जवळपास अर्धा सिनेमा घरच्या यंत्रात साठवावा लागतो, आणि त्या काळी अशी साठवण महाग होती.

गणितात बसलं म्हणजे पडद्यावर चाललंच, असंही नाही. याच दोघांच्या १९९७च्या ‘हार्मोनिक’ पद्धतीत काही भाग वेळेत पोहोचत नाही, हे पुढच्याच वर्षी पारिस, कार्टर आणि लाँग यांनी दाखवलं आणि दुरुस्त्याही सुचवल्या.

प्रक्षेपणाने नेहमीच बचत होते, हेही चूक. कुणी बघो न बघो, वाहिन्या चालूच राहतात. मोजके प्रेक्षक असलेल्या सिनेमाला ते परवडत नाही.

आणि मोबाइलवरचा थेट क्रिकेट सामना? तो सगळ्यांना एकाच प्रवाहातून मिळतो असं वाटतं, पण सहसा प्रत्येक फोनला जवळच्या सर्व्हरवरून स्वतंत्र प्रवाह जातो. एकच प्रवाह वाटेत फाटे फोडून अनेकांना देण्याची सोय खुल्या इंटरनेटवर रुजलीच नाही. म्हणून नेटफ्लिक्सनेही २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्यातच आपले सर्व्हर बसवायला सुरुवात केली.

तरीही केबल किंवा इंटरनेट कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात ही अडचण नाही. नव्या सिनेमावर पहिल्या रात्री लाखो लोक तुटून पडतात, तिथे तरी तुकड्यांच्या प्रक्षेपणाची ही पद्धत वापरायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.