मलेरियाची लस निघाली, मग आपल्या गावात का नाही?

निंदणाचे दिवस आले की यवतमाळ जिल्ह्यातल्या मजुरांच्या घरात थंडीताप शिरतो. ताप एकाला येतो, मजुरी मात्र दोघांची बुडते. "पुण्यात मलेरियाची लस बनते म्हणतात, मग आमच्या लेकरांना का टोचत नाहीत?" असे आयाबाया आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे.

बातमी खरी आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने शोधलेली आर-२१ ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. त्याआधीच्या पहिल्या लसीचे संशोधन १९८७ साली सुरू झाले आणि शिफारस मिळाली २०२१ मध्ये. म्हणजे ३४ वर्षे लागली!

एवढा उशीर का? देवी, गोवर यांचे विषाणू साधे. मलेरियाच्या परजीवीत मात्र पाच हजारांहून अधिक जनुके असतात. डास चावल्यावर तो थोड्याच वेळात यकृतात दडतो, तिथे वाढतो, मग रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसतो. दर मुक्कामाला त्याचे रूप वेगळे. शरीर एक रूप ओळखते तोवर दुसरे पुढे येते. म्हणूनच गोवर सहसा एकदाच होतो, मलेरिया पुन्हा पुन्हा होतो. शिवाय हा रोग गरिबांचा. ज्यांना लस हवी त्यांचा खिसा रिकामा, मग कंपन्यांना घाई कशाची?

आर-२१ चे चार डोस लागतात. जिथे मलेरिया ठरावीक हंगामात येतो तिथे पहिल्या वर्षी ती सुमारे ७५ टक्के आजार टाळते, पण फक्त फाल्सिपेरम जातीचा. आफ्रिकेतली बालके याच जातीने मरतात, म्हणून ती आधी तिकडे गेली. आपल्याकडे वायव्हॅक्सही आहे, त्यावर ती चालत नाही. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. तेव्हा कोणी पैसे घेऊन "मलेरियाची सुई" टोचतो म्हणाला, तर भुलू नका.

मग आपल्या हाती काय? ताप आला की आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या; तपासणी व औषध मोफत आहे. वायव्हॅक्स निघाल्यास प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. गरोदर बाई आणि तान्हे बाळ यांना मात्र त्या देत नाहीत. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या सोडल्या, तर यकृतात दडलेला परजीवी महिन्यांनी पुन्हा उठतो. आठवड्यातून एक दिवस रांजण, टाके, कूलर कोरडे करा आणि लेकरांना मच्छरदाणीत निजवा.

लस येईल तेव्हा येईल. तोवर चौदाव्या दिवसाची गोळी चुकवू नका.